प्रश्नोत्तरे : रशियन क्रूझर, ‘एम्डन’ आणि मुंबईहून निघालेल्या पलटणी

प्रश्न : आमच्या घरी मराठीतली जुनी सोव्हिएत पुस्तकं आहेत. त्यातल्या एकात ‘अरोरा’ या जहाजाचं चित्र आहे. मुलाने इंटरनेटवर पाहिलं, तर तिथे ‘प्रोटेक्टेड क्रूझर’ असं लिहिलेलं. त्यावरून घरात बरीच चर्चा झाली आणि काही प्रश्न उरले. (१) या जहाजाला ‘प्रोटेक्टेड’ का म्हणतात? (२) अशा रशियन जहाजांनी युद्धात खरोखर काय केलं? (३) ती कधी आपल्या बाजूच्या समुद्रात आली होती का? (४) पहिल्या महायुद्धात ‘एम्डन’चे कैदी नगरला ठेवले होते, असं जुनी माणसं सांगायची. ते खरं का? (५) माझ्या पणजोबांचे धाकटे भाऊ मराठा पलटणीतून बसऱ्याला गेले आणि परत आलेच नाहीत. त्यांच्या प्रवासाचा या सगळ्याशी काही संबंध लागतो का?
— एक वाचक, शेवगाव, जि. अहिल्यानगर

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकतो : संबंध लागतो, आणि चांगला घट्ट लागतो. पण तिथवर जायचं तर क्रमाने गेलेलं बरं.

(१) ‘प्रोटेक्टेड’ म्हणजे काय?

जहाजाला चिलखत घालायचं म्हटलं, की आपल्या डोळ्यांसमोर बाहेरून पोलादी पत्रे ठोकलेली बाजू येते. मोठ्या युद्धनौकांना आणि ‘चिलखती क्रूझर’ या जातीला तसं चिलखत असे. पण पोलाद जड. ते जितकं जास्त, तितकं जहाज मंद आणि महाग. म्हणून १९ व्या शतकाच्या अखेरीस मधला मार्ग निघाला. बाजू जवळपास उघड्या ठेवायच्या आणि जहाजाच्या पोटात, पाण्याच्या पातळीच्या आसपास, एक पोलादी डेक आडवा बसवायचा. मध्ये सपाट आणि दोन्ही कडांना खाली उतरत जाणारा हा डेक म्हणजे गुऱ्हाळातली काहील उपडी घातल्यासारखा प्रकार. तिच्याखाली बॉयलर, इंजिनं, दारूगोळ्याची कोठारं आणि सुकाणूची यंत्रणा. वर उरतात त्या तोफा, धुराडी, होड्या आणि माणसं.

‘वर्याग’ या रशियन क्रूझरचा हा डेक सपाट भागात ३८ मिलिमीटर आणि उतारावर ७६ मिलिमीटर जाडीचा होता. शिवाय दोन्ही बाजूंनी कोळशाच्या कोठ्या असायच्या. गोळा आत घुसलाच तर त्याला आधी काही फूट कोळसा फोडून जावं लागे. म्हणजे इंधनाचीच भिंत. पण युद्ध लांबलं, कोळसा जळत गेला, की ही भिंतही तेवढीच पातळ होत जायची.

या रचनेत यंत्र वाचतं, वरची माणसं वाचत नाहीत. ‘वर्याग’च्या तोफा तर डेकवर उघड्याच होत्या, तोफखान्याच्या खलाशांपुढे पोलादी ढालसुद्धा नव्हती. त्याची किंमत पुढे मोजावी लागली.

अशी जहाजं बांधायची कशासाठी? समोरासमोर मोठ्या आरमाराशी झुंजायला नव्हे. शत्रू कुठे आहे ते शोधायचं, व्यापारी जहाजांची राखण करायची, शत्रूचा व्यापार तोडायचा, दूरच्या बंदरांत जाऊन आपला झेंडा दाखवायचा. थोडक्यात, ही आरमाराची नजर. त्यांचं युद्धातलं यशापयश याच मापाने तोलायला हवं. तोफा किती होत्या, हे माप इथे फारसं कामाचं नाही.

(२) युद्धात त्यांनी काय केलं?

रशियाची ही जहाजं दोन युद्धांतून गेली : १९०४-०५ चं रशिया-जपान युद्ध आणि पहिलं महायुद्ध. सगळ्यांची जंत्री देत बसत नाही, चार सांगतो.

‘वर्याग’ अमेरिकेत, फिलाडेल्फियात बांधलेलं, सुमारे साडेसहा हजार टनांचं. कागदावर वेग २३ नॉट. पण त्याचे बॉयलर सतत रुसलेले, त्यामुळे युद्धाच्या वेळी तो वेग कागदावरच राहिला. ९ फेब्रुवारी १९०४ रोजी कोरियातल्या चेमुल्पो बंदरात (आजचं इंचॉन) जपानी ॲडमिरल उरिऊच्या सहा क्रूझरांनी त्याला आणि ‘कोरेयेत्स’ या छोट्या गनबोटीला कोंडलं. कप्तान रुदनेव यांनी शरण न जाता बाहेर पडून लढायचं ठरवलं. तासाभराच्या लढाईत पोटातली इंजिनं शाबूत राहिली, पण वरच्या डेकवर प्रेतांचा खच पडला. तीसहून अधिक मेले, जखमी कितीतरी. बंदरात परतून रशियनांनी स्वतःच जहाज बुडवलं. फ्रेंच, ब्रिटिश आणि इटालियन जहाजांनी खलाशांना आसरा दिला, आणि मायदेशी त्यांचं स्वागत विजयी वीरांसारखं झालं. पुढे जपानने जहाज वर काढून ‘सोया’ नावाने वापरलं, १९१६ मध्ये रशियालाच परत विकलं. शौर्याच्या खात्यात ही नोंद मोठी. युद्धाच्या जमाखर्चात मात्र तिचं वजन फारसं नाही.

‘आस्कोल्द’ जर्मनीत बांधलेलं. पाच उंच, सडपातळ धुराडी ही त्याची ओळख. ब्रिटिश खलाशी त्याला गंमतीने वुडबाइनचं पाकीट म्हणत, कारण त्या स्वस्त सिगारेटी पाकिटात पाच यायच्या. जपानशी युद्धात ऑगस्ट १९०४ च्या पीत समुद्राच्या लढाईत ते वेढा फोडून शांघायला पोचलं आणि तिथे निःशस्त्र होऊन बसलं. १९१५ मध्ये हेच जहाज दार्दानेल्सच्या मोहिमेत ब्रिटिश-फ्रेंचांच्या बाजूने होतं.

‘अरोरा’ सेंट पीटर्सबर्गला बांधलेलं, १९०० मध्ये पाण्यात उतरलेलं. मे १९०५ मध्ये त्सुशिमाच्या लढाईत रशियाचं आरमार जवळजवळ नष्ट झालं. त्यात ‘अरोरा’चे कप्तान येगोर्येव मारले गेले, पण जहाज निसटून मनिलाला पोचलं आणि अमेरिकनांनी युद्ध संपेपर्यंत अडकवून ठेवलं. तुमच्या पुस्तकातलं चित्र असेल ते १९१७ च्या क्रांतीचं, जेव्हा त्याच्या पुढच्या तोफेतून हिवाळी राजवाड्यावरच्या हल्ल्याच्या रात्री इशारा दिला गेला. ही तोफ इतकी प्रसिद्ध झाली, की तिने राजवाडा फोडला असा समज पसरला. प्रत्यक्षात तो रिकामा बार होता, गोळा नव्हताच.

चौथं नाव सहसा कुणाला ठाऊक नसतं, आणि माझ्या मते सगळ्यांत मोठी कामगिरी त्याचीच. ‘बोगातिर’. २६ ऑगस्ट १९१४ रोजी बाल्टिक समुद्रात, आजच्या एस्टोनियाच्या किनाऱ्याजवळ, ‘माग्देबुर्ग’ हे जर्मन क्रूझर दाट धुक्यात खडकावर चढलं. जर्मन ते फोडून टाकायच्या गडबडीत असतानाच ‘बोगातिर’ आणि ‘पाल्लादा’ ही रशियन क्रूझर धुक्यातून पुढे आली. कप्तानासह काही जर्मन पकडले गेले, आणि जहाजाच्या झडतीत हाती लागली जर्मन नौदलाची सांकेतिक पुस्तकं. त्यातली १५१ क्रमांकाची प्रत रशियाने ब्रिटनला दिली. लंडनला नौदलाच्या इमारतीत ‘खोली क्रमांक ४०’ मध्ये बसलेल्या मंडळींनी तिच्या आधारे जर्मनांचे बिनतारी संदेश वाचायला सुरुवात केली. जर्मन आरमार बंदरातून हलतंय, हे ब्रिटनला आधीच कळू लागलं. एका पुस्तकाने हे साधलं, आणि ते पुस्तक मिळालं कारण दोन क्रूझर वेळेवर, जागेवर आणि जागी होती.

(३) आपल्या समुद्रात ती आली होती का?

आली होती, आणि एकदा नाही. ‘वर्याग’ नवं कोरं असताना, १९०१ च्या अखेरीस, इराणच्या आखातातल्या बंदरांना भेटी देऊन कराचीला आलं. कराची त्या वेळी मुंबई इलाख्यात होती. आखातात रशियाचा झेंडा फिरवायचा आणि ब्रिटिशांना थोडं अस्वस्थ करायचं, हा त्या फेरीचा हेतू. १९१६ मध्ये जपानकडून परत मिळालेलं हेच जहाज व्लादिवोस्तोकहून निघून हिंदी महासागर आणि सुएझमार्गे उत्तर रशियात गेलं.

पण खरी गोष्ट १९१४ ची. महायुद्ध सुरू झालं तेव्हा रशिया आणि ब्रिटन एका बाजूला होते. पूर्वेकडची ‘आस्कोल्द’ आणि ‘झेम्चुग’ ही दोन रशियन क्रूझर ब्रिटिश ॲडमिरल जेरम यांच्या हाताखाली देण्यात आली. ‘झेम्चुग’चा रशियन अर्थ मोती. तीन हजार टनांचं, आठ तोफांचं हे छोटं जहाज त्सुशिमाच्या लढाईतूनही वाचलं होतं. गंमत अशी, की ज्या जपानने दहा वर्षांपूर्वी रशियन आरमार बुडवलं, त्याच जपानची क्रूझर आता याच समुद्रात, याच बाजूने, त्याच शिकारीवर होती.

शिकार कोणाची? जर्मन क्रूझर ‘एम्डन’ची. कप्तान कार्ल फॉन म्युलर यांचं हे जहाज सप्टेंबरात बंगालच्या उपसागरात शिरलं. पहिल्याच काही दिवसांत त्याने ‘इंडस’, ‘लोवाट’, ‘डिप्लोमॅट’ अशी जहाजं धरून बुडवली. यातलं ‘इंडस’ कलकत्त्याहून मुंबईला निघालं होतं, तिथून फौजा नेण्यासाठी. २२ सप्टेंबरच्या रात्री ‘एम्डन’ने मद्रासवर सव्वाशेच्या आसपास गोळे डागले आणि बर्मा ऑइल कंपनीच्या तेलाच्या टाक्या पेटवल्या. मद्रास सोडून लोक पळू लागले. तरी म्युलर यांचा एक नियम होता : बुडवायच्या जहाजावरची माणसं आधी उतरवायची आणि पकडलेल्याच एखाद्या जहाजात भरून सोडून द्यायची. त्या काळच्या ब्रिटिश व्यापारी जहाजांवर डेकवर कोकणातले, रत्नागिरीकडचे लोक आणि मुदपाकखान्यात, खाणावळीत गोव्याचे लोक मोठ्या संख्येने असत, हे लक्षात घेतलं की या नियमाचं मोल कळतं.

‘झेम्चुग’ ऑक्टोबरात अंदमान-निकोबारच्या आसपास ‘एम्डन’चा माग काढत फिरत होतं. माग लागला नाही. २६ ऑक्टोबरला ‘झेम्चुग’ बॉयलरच्या साफसफाईसाठी मलायातल्या पेनांगला जाऊन नांगर टाकून उभं राहिलं.

पुढे जे झालं ते जरा जवळून बघू. कप्तान बॅरन चेर्कासोव किनाऱ्यावर, पत्नीसोबत. पाणतीर अडवणारी जाळी लावलेली नाही. पहाऱ्यावर मोजकी माणसं. दारूगोळ्याची कोठारं कुलूपबंद, तोफांपाशी तयार गोळे थोडेसेच. २८ ऑक्टोबरची पहाट, पाचच्या सुमाराची. बंदराच्या तोंडातून चार धुराड्यांचं एक क्रूझर आत येतं. पहाऱ्यावरच्यांना ते ब्रिटिश ‘यार्माउथ’ वाटतं. त्यातली तीन धुराडी खरी आणि चौथं लाकूड आणि कॅनव्हासचं, ‘एम्डन’च्या खलाशांनी स्वतः उभारलेलं. ‘झेम्चुग’पासून काही शे मीटरवर आल्यावर ‘एम्डन’ने जर्मन झेंडा चढवला आणि पाणतीर सोडला. त्यापाठोपाठ तोफा. मग वळून दुसरा पाणतीर. तो दारूगोळ्याच्या कोठारापाशी लागला आणि ‘झेम्चुग’ दुभंगून बुडालं. जवळपास ९० खलाशी मेले, शंभराहून अधिक जखमी झाले. बाहेर पडताना ‘एम्डन’ने ‘मुस्के’ ही फ्रेंच विनाशिका बुडवली, आणि तिचे वाचलेले खलाशी पाण्यातून वर काढले.

१९१५ मध्ये व्लादिवोस्तोकला लष्करी न्यायालय बसलं. चेर्कासोव यांना साडेतीन वर्षांची आणि त्यांचे दुय्यम अधिकारी कुलीबिन यांना दीड वर्षाची शिक्षा झाली, हुद्दे गेले. पुढे दोघांना साधे खलाशी म्हणून आघाडीवर पाठवण्यात आलं.

आता हे ‘बोगातिर’च्या शेजारी ठेवून पाहा. दोन्ही एकाच आरमाराची, एकाच जातीची क्रूझर, दोघांच्या घटनांत फक्त दोन महिन्यांचं अंतर. पोलादी डेक दोघांनाही होता. एकाने डोळे उघडे ठेवून युद्धाची दिशा बदलणारी वस्तू मिळवली. दुसऱ्याने पहारा ढिला सोडला आणि बंदरात, नांगरावर, मित्रांच्या मधोमध जीव गमावला. या जहाजांचं काम नजरेचं होतं, ती गेल्यावर डेक कितीही जाड असून उपयोग नव्हता.

(४) ‘एम्डन’चे कैदी नगरला होते का?

ही आठवण अर्धी खरी आहे. नगरची छावणी पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातल्या नजरकैदेच्या मोठ्या ठिकाणांपैकी एक होती. जर्मन आणि ऑस्ट्रियन व्यापारी, कंपन्यांचे नोकर, मिशनरी, हिंदुस्थानी बंदरांत अडकलेल्या व्यापारी जहाजांवरचे खलाशी, आणि पुढे जर्मन पूर्व आफ्रिकेतून आणलेली माणसं इथे होती. १९१७ मध्ये आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसच्या प्रतिनिधींनी येऊन छावणीची पाहणी केली. नगरला परदेशी कैद्यांची सवय त्याआधीपासूनची : १९०१-०२ मध्ये इथे दक्षिण आफ्रिकेतले बोअर युद्धकैदी होते. किल्ल्यात १९४२ साली पंडित नेहरू, मौलाना आझाद, सरदार पटेल यांना ठेवलं ती यातली सर्वांत ठाऊक असलेली गोष्ट.

‘एम्डन’ची माणसं मात्र वेगळ्या वाटेने गेली. ९ नोव्हेंबर १९१४ रोजी कोकोस बेटांजवळ ऑस्ट्रेलियाच्या ‘सिडनी’ या क्रूझरने ‘एम्डन’ला गाठून निकामी केलं. कप्तान म्युलर आणि वाचलेल्या बहुतेकांना माल्टा बेटावर नेण्यात आलं. ‘एम्डन’च्या कोळशाच्या जहाजांवर पकडलेले खलाशी सिंगापूरला होते. नगरला जर्मन खलाशी दिसले, ‘एम्डन’चं नाव सगळीकडे गाजत होतं, लोकांनी दोन्ही जोडून टाकलं.

(५) तुमच्या घरातल्या शिपायाचा संबंध

बसऱ्याकडे गेलेली पहिली फौज म्हणजे सहावी, अर्थात पुणे डिव्हिजन. तिच्या तीन ब्रिगेडमध्ये मिळून तीन मराठा पलटणी होत्या : १०३, ११० आणि ११७. त्यांतली ११७ वी १६ व्या ब्रिगेडमध्ये होती. ही ब्रिगेड १६ ऑक्टोबर १९१४ रोजी मुंबईहून एका मोठ्या ताफ्यातून निघाली. त्याच ताफ्यात पूर्व आफ्रिकेकडे जाणारी फौजही होती. अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर या दोन्हींकडे जर्मन क्रूझर मोकळी फिरत असल्याने पुरेशी लढाऊ जहाजं सोबतीला मिळेपर्यंत ताफा बंदरात खोळंबला होता. शिपाई जहाजांवर चढून वाट पाहत बसले होते. भीती उगाच नव्हती. नेमक्या त्याच आठवड्यात ‘एम्डन’ मिनिकॉय बेटाजवळ, म्हणजे लक्षद्वीपच्या दक्षिण टोकाला, एकामागून एक जहाजं धरत होतं. ताफा सुखरूप पुढे गेला आणि ६ नोव्हेंबरला फाओला फौज उतरली. मागाहून १०३ आणि ११० गेल्या. या तिन्ही पलटणींनी बगदादजवळची टेसिफोनची लढाई पाहिली, आणि तिन्ही एप्रिल १९१६ मध्ये कूटला तुर्कांना शरण गेलेल्या फौजेत होत्या.

तेव्हा आधी पलटणीचा क्रमांक शोधा. घरात पदक असेल तर त्याच्या कडेवर शिपायाचं नाव, क्रमांक आणि पलटण कोरलेली असते. भिंगाखाली वाचता येते. पदक नसेल तर पेन्शनचे कागद किंवा गावच्या जुन्या युद्धस्मारकाची शिळा पाहा. एक अडचण येऊ शकते : १९२२ मध्ये या पलटणींचे आकडे बदलले. १०३ ची पहिली, ११० ची तिसरी, ११७ ची पाचवी बटालियन झाली, सगळ्या पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत. म्हणून नंतरच्या कागदावर जुना आकडा दिसत नाही. रेजिमेंटचं केंद्र आज बेळगावला आहे. मृतांची नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर शोधता येतात, फक्त इंग्रजी स्पेलिंग तऱ्हेतऱ्हेची असतात, तेव्हा एकच नाव चार प्रकारे टाकून पाहा.

क्रमांक ११७ निघाला, तर ते १६ ऑक्टोबरच्या ताफ्यात होते असं धरायला जागा आहे. १०३ किंवा ११० निघाला तर ते मागून गेले. आणि सापडलेला क्रमांक आम्हाला जरूर कळवा, पुढचं उत्तर त्यावरून देता येईल.